शेक चालू असताना पोटाचं गाऱ्हाणं

(आमच्या महिला गटाने सामुदायिक रेडिओवर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

सिंदी मेघेहून आमचा महिला गट बोलतोय. सिंदी म्हटलं की पुष्कळांना सिंदी रेल्वे आठवते. आम्ही तिथल्या नाही, वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या.

आजचा विषय थोडा अवघड आहे, आणि जेवताना ऐकण्यासारखा नाही. ताटावर बसला असाल तर आधी जेवण उरका, मग ऐका. पण ऐका नक्की. आज आम्ही स्वादुपिंडाच्या कर्करोगावर जे किरणोपचार देतात, त्याने पोटाला काय काय होतं ते सांगणार आहोत. किरणोपचाराला आपल्याकडे कुणी ‘शेक’ म्हणतं, कुणी ‘लाईट’, कुणी नुसतं ‘रेडिएशन’. आम्ही शेक म्हणू.

हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगतो. आमच्या गल्लीत एक काकू होत्या. त्यांचं नाव आम्ही घेणार नाही, तसा शब्द दिला आहे. वय अठ्ठावन्न. पाठीत दुखायचं, वजन उतरत होतं, मग डोळे पिवळे झाले. तपासण्या झाल्या आणि स्वादुपिंडात गाठ निघाली. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली होती, म्हणून लगेच ऑपरेशन करता येणार नव्हतं. आधी केमो झाली, मग शेक सुरू झाले. एकूण अठ्ठावीस शेक घ्यायचे होते.

तिसऱ्या आठवड्यात काकूंना जुलाब लागले. त्यांनी सुनेला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही, दवाखान्यात तर नाहीच. आम्हाला मात्र सांगितलं. आणि आम्ही काय केलं? ‘काकू, शेकाची गरमी आहे, थंड खा, निघून जाईल’ असं म्हणून मोकळ्या झालो. कुणी टरबूज नेऊन दिलं, कुणी उसाचा रस, कुणी रात्री थंड दूध घ्यायला सांगितलं. जुलाब आणखी वाढले. ऑटोत पंचाईत व्हायला नको म्हणून काकू सकाळी पाणीसुद्धा पीत नव्हत्या. एका दिवशी मशीनच्या खोलीबाहेरच त्यांना चक्कर आली. भरती करावं लागलं, सलाईन लागलं आणि पाच दिवस शेक बंद राहिले.

आमच्या प्रेमात खोट नव्हती. माहिती मात्र चुकीची होती. तेव्हापासून आम्ही ठरवलं की हा विषय नीट समजून घ्यायचा आणि सगळ्यांना मोकळेपणाने सांगायचा. काकूंनीच सांगितलं होतं, ‘माह्यं नाव नका घेऊ वं, पण रेडिओवर सांगा.’

स्वादुपिंड असतं कुठे?

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे, पोटात खोलवर, आडवी पडलेली एक ग्रंथी. साधारण वीतभर लांब. तिची दोन कामं आहेत. एक, अन्न पचवणारा रस तयार करून आतड्यात सोडायचा. दुसरं, रक्तातली साखर सांभाळणारं इन्शुलिन तयार करायचं. म्हणून या आजारात पचनही बिघडतं आणि पुष्कळांची साखरही वाढते.

आता तिचे शेजारी बघा. पुढे जठर. उजव्या बाजूला लहान आतड्याचं पहिलं वळण, ते स्वादुपिंडाच्या डोक्याला अर्धगोल वेढा घालून बसलेलं असतं. जवळच यकृत, दोन्हीकडे मूत्रपिंडं, आणि समोरून मोठं आतडं जातं. चाळीत भिंतीला भिंत लागून घरं असतात, तसं हे आहे. एका घरात धूर केला की शेजारच्या घरात जाणारच.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते २०१८-१९ मध्ये. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना हा आजार झाला होता. ३० जानेवारी २०१९ रोजी नाकात नळी असताना त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला, तो आपण टीव्हीवर पाहिला. १७ मार्च २०१९ ला ते गेले. त्या वेळी ही नळी कशासाठी असते, असं पुष्कळ जणींनी विचारलं होतं. नाकातून जाणारी नळी साधारणपणे दोन कामांसाठी घालतात. तोंडाने पुरेसं जात नसेल तर तिच्यातून पातळ अन्न देतात, किंवा जठरात साचलेलं बाहेर काढतात. नळी लागली म्हणजे माणूस संपला असं नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण नळी बघूनच घरातले लोक धीर सोडतात.

शेकाने पोट का बिघडतं?

शेक देणारं मशीन बाहेरून किरण सोडतं. किरण डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला लागत नाहीत, दुखत नाही. टेबलावर दहा-पंधरा मिनिटं निजायचं आणि उठून घरी यायचं. आठवड्यातून पाच दिवस, असं पाच-सहा आठवडे चालतं. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या मापात मोजतात. या आजारात एकूण मात्रा बहुतेक वेळा ४५ ते ५४ ग्रेच्या दरम्यान असते आणि ती पंचवीस ते तीस भागांत वाटून देतात. काही ठिकाणी नवीन पद्धतीने, अगदी नेम धरून, पाचच शेकांत उपचार संपवतात. कुणाला कोणती पद्धत लागू पडते, ते डॉक्टर ठरवतात.

अडचण अशी की गाठीला जेवढी मात्रा द्यायची असते, तेवढीच जवळपास जठराची आणि आतड्याची सोसण्याची हद्द असते. म्हणून डॉक्टर आणि त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ कॉम्प्युटरवर आखणी करून किरण वेगवेगळ्या बाजूंनी सोडतात. गाठीवर सगळे एकत्र येतात आणि शेजाऱ्यांना थोडे थोडे लागतात. पण थोडे तरी लागतातच.

आतड्याच्या आतलं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. आपण मातीच्या घरात सारवण करायचो ना, तसं समजा. रोजच्या वापराने जमीन उखडते आणि आपण परत सारवतो. शेकामुळे हे सारवणच मंदावतं. जुनं झिजत राहतं, नवं वेळेवर येत नाही. मग अन्नातलं पाणी नीट शोषलं जात नाही, पोटात कळ येते, जुलाब होतात, मळमळतं. शेक संपल्यावर सारवण पुन्हा सुरू होतं. म्हणून हे त्रास बहुतेकांचे शेक संपल्यानंतर दोन ते सहा आठवड्यांत कमी होत जातात.

आणि एक सांगून ठेवतो. बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण निघत नाहीत. नातवंडाला मांडीवर घ्या, एका ताटात जेवा, शेजारी निजा, कुणालाही काही होत नाही. काकूंचं ताट-वाटी वेगळी ठेवा असं कुणीतरी सांगितलं होतं. तसं करण्याची काहीच गरज नव्हती, आणि काकूंना ते फार लागलं होतं.

कोणता त्रास केव्हा?

मळमळ आणि उलटी पहिल्या आठवड्यातही सुरू होऊ शकते, कधी शेक घेतल्यानंतर काही तासांतच. भूक मरते, तोंडाची चव जाते. जुलाब, गॅस आणि पोटात मुरडा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो. थकवा हळूहळू वाढतो आणि शेवटच्या आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. छातीत जळजळ होते, कारण जठराचं अस्तरही हुळहुळं झालेलं असतं.

हे सगळं झालं म्हणजे आजार वाढला असं समजू नका. पण ‘शेकात होतंच’ म्हणून गप्पही बसू नका. या प्रत्येक त्रासावर औषध आहे.

मळमळीसाठी ओंडानसेट्रॉनसारखी गोळी शेकाच्या अर्धा ते एक तास आधी घेतात. उलटी सुरू झाल्यावर घेऊन तेवढा उपयोग होत नाही. या गोळीने काहींना शौचाला घट्ट होतं, तेही डॉक्टरांना सांगायचं. जळजळीसाठी पँटोप्राझोलसारखी गोळी सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घेतात. ही गोळी नुसती जळजळीसाठी नसते. जठरात आणि आतड्यात व्रण पडू नये म्हणूनही ती देतात, त्यामुळे बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही.

पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ‘अंगदुखीची गोळी’ आणून द्यायची सवय आपल्याला आहे. शेक घेतलेल्या पोटावर या गोळ्यांनी व्रण आणि रक्तस्राव होऊ शकतो. दुखणं सोसू नका, डॉक्टरांकडून चालणारी गोळी लिहून घ्या.

सगळे जुलाब सारखे नसतात

आजच्या बोलण्यातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल. या आजारात पातळ शौचाला होण्याची कारणं वेगवेगळी असतात, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असतं.

पहिलं कारण, शेक. शौचाला पाण्यासारखी होते, मुरडा येतो, खाल्लं की लगेच पळावं लागतं.

दुसरं कारण, केमोची गोळी. शेकासोबत पुष्कळांना कॅपेसिटाबिन नावाची गोळी देतात. ती सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते. तिच्यानेही जुलाब लागतात, तोंड येतं, तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा जास्त वेळा जावं लागलं, किंवा जुलाबासाठी रात्री उठावं लागलं, तर पुढची गोळी घेण्याआधी दवाखान्यात फोन करायचा. डॉक्टर सांगतील तर ती काही दिवस थांबवतात. रेटून घेतली तर जिवावर बेतू शकतं.

तिसरं कारण शेकाचं नाही आणि केमोचंही नाही. ते स्वादुपिंडाचं स्वतःचं आहे. पाचक रस कमी पडला की तेल-तूप पचत नाही. मग शौच फिकट रंगाची, चिकट, तेलकट आणि फार घाण वासाची होते. पाण्यावर तरंगते, दोन-तीन तांबे पाणी टाकलं तरी जात नाही. माणूस जेवतो, तरी वाळत जातो. यावर जुलाब बंद करायच्या गोळीचा फारसा उपयोग नाही. यावर पाचक रसाची कॅप्सूल असते, तिला पॅनक्रिएटिन म्हणतात. ती जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण मोठं असेल तर एखादी मध्येही. चहा-बिस्किटाला कमी आणि पूर्ण ताटाला जास्त, हे डॉक्टर समजावून देतात.

काकूंच्या भरतीत हेच उघड झालं. त्यांना दोन्ही होतं, शेकाचे जुलाब आणि रसाची कमतरताही. कॅप्सूल लिहून दिलेली होती, त्या रोज घेतही होत्या. पण सगळ्या गोळ्या एकदमच पोटात गेलेल्या बऱ्या, म्हणून पहाटे चहाच्या आधी एका घोटात घ्यायच्या. जेवण दुपारी बारा वाजता. अन्न येईपर्यंत कॅप्सूलचं काम होऊन गेलेलं असायचं. वेळ बदलली आणि पंधरा दिवसांत शौचाला घट्ट होऊ लागली.

या कॅप्सूलबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. यातला रस डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेला असतो. काही घरांत धर्मामुळे, काही घरांत शाकाहारामुळे हा प्रश्न येतो. आधी विचारा, आपल्या घरातल्या मोठ्यांशी, आपल्या धर्मातल्या जाणत्यांशी बोला आणि ठरवा. आजारपणात औषध म्हणून पुष्कळ जण ती घेतात. पण न सांगता देऊ नये, आणि कळल्यावर गुपचूप बंदही करू नये. डॉक्टरांना सांगितलं तर पुढचा मार्ग निघतो.

काकूंच्या सुनेने नंतर एक छान युक्ती केली. काकूंना वाचता येत नव्हतं. सुनेने तीन पिशव्या शिवल्या आणि त्यांवर चित्रं काढली. रिकामं ताट म्हणजे उपाशीपोटीची गोळी. भरलेलं ताट म्हणजे जेवणासोबतची. ऑटो म्हणजे शेकाला निघण्याआधीची. त्यानंतर गोळी चुकली नाही.

वही ठेवा

डॉक्टरांनी ‘पोट कसं आहे?’ विचारलं की आपण ‘ठीक आहे’ म्हणून मोकळ्या होतो. त्यापेक्षा एक चाळीस पानी वही घ्या. रोज एवढंच लिहा: किती वेळा शौचाला झाली, पाण्यासारखी की तेलकट, रंग कसा, उलटी किती वेळा, काय खाल्लं, लघवी किती वेळा झाली. आठवड्यातून एकदा वजन. घरी काटा नसेल तर पिठाच्या गिरणीतला चालतो, फक्त दर वेळी तोच काटा असू द्या. ही वही दाखवली की डॉक्टरांना दोन मिनिटांत कळतं की कोणते जुलाब आहेत आणि सलाईनची गरज आहे का.

शेक चालू असताना डॉक्टर सहसा आठवड्यातून एकदा तपासतात. पण त्रास सोमवारी झाला आणि तपासणी शुक्रवारी असली, तर शुक्रवारची वाट बघायची नाही. मशीनवर जे ताई-दादा रोज निजवतात, त्यांना त्याच दिवशी सांगा. ते रोज असे रुग्ण बघतात, त्यांना काही नवीन नसतं. पुरुषाला सांगायची लाज वाटत असेल तर सिस्टरला सांगा, किंवा वही पुढे करा.

शेक मध्येच तुटू नयेत, हे यात महत्त्वाचं आहे. खंड पडला की गाठीतल्या पेशींनाही सावरायला वेळ मिळतो. लपवलेल्या जुलाबाने काकूंचे पाच दिवस गेले. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर बहुधा एकही गेला नसता.

खायचं काय?

पहिली गोष्ट, शेकाच्या आधी किती तास उपाशी राहायचं ते विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी दोन ते तीन तास खायचं नसतं, म्हणजे जठर रोज सारख्याच आकाराचं राहतं आणि नेम चुकत नाही. पण म्हणून सकाळपासून कडकडीत उपाशी राहायचं नाही. अकराचा शेक असेल तर साडेसातला पोटभर नाश्ता करा. पोटावर ज्या खुणा केलेल्या असतात, त्या आंघोळीत घासून काढू नका.

दिवसातून तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा वेळा थोडं थोडं खा. जुलाब असतील त्या दिवसांत मऊ भात, मुगाचं पातळ वरण, भगर, साबुदाण्याची पेज, उकडलेला बटाटा, केळं, शिजवलेलं सफरचंद, उकडलेलं अंडं असं चालतं. ज्वारीची भाकर आपल्याला प्रिय, पण जुलाबात कोंडा सोसत नाही. काही दिवस भाकर, तुरीचं घट्ट वरण, पालेभाज्या, कच्ची कोशिंबीर आणि मोड आलेली कडधान्यं बाजूला ठेवा. ठेचा, तर्री, सावजी रस्सा, वड्यावर ओतलेलं फोडणीचं तेल, हे सगळं शेक संपून पोट स्थिर होईपर्यंत राहू द्या. संत्री आपल्या भागाची शान आहे, पण आंबट फळांनी जळजळ वाढत असेल तर थांबा.

शेकाच्या दिवसांत दूध काहींना पचत नाही, कारण ते पचवणारं आतड्याचं अस्तरच झिजलेलं असतं. आम्ही काकूंना रात्री थंड दूध पाजलं, ती आमची चूक होती. पुष्कळांना ताजं, गोड, पातळ ताक सोसतं. उसाचा रस आणि टरबूज यांतल्या साखरेनेही जुलाब वाढतात. रस बाहेरचा असेल तर बर्फाची आणि पाण्याची शंका वेगळीच.

पाण्याबद्दल तर हात जोडून सांगतो. वर्ध्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्यात जुलाब म्हणजे अंगातलं पाणी दोन्हीकडून जातं. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात कालवून दिवसभर घोट घोट घ्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखरेचा आजार असलेल्यांनी किती घ्यायचं, ते डॉक्टरांना विचारावं आणि साखर तपासत राहावं.

या काळात एकादशी, सोमवार, गुरुवार असे उपवास सोडा. देव समजून घेईल. कुणी काढा, रस, जडीबुटी आणून दिली तर ती घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. लपवून घेऊ नका. आणि खर्रा. आपल्या विदर्भात तो पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या खिशात सापडतो. तंबाखूने या कर्करोगाचा धोका वाढतो, बिडी-सिगारेटने तर नक्कीच. आणि शेक चालू असताना तंबाखू पोटात गेली तर हुळहुळ्या अस्तराला आणखी त्रास. रुग्णाजवळ बसून खाऊही नका.

शेक संपले, पण लक्ष असू द्या

काही त्रास शेक संपल्यावर तीन महिन्यांनी, कधी वर्षाने, कधी त्याहूनही उशिरा येतात. हे सगळ्यांना होत नाहीत. जठरात किंवा लहान आतड्याच्या पहिल्या वळणात व्रण पडू शकतो, त्यातून रक्त जाऊ शकतं. कधी तिथली वाट अरुंद होते आणि अन्न पुढे सरकत नाही. फार क्वचित आतड्याला भोक पडतं. म्हणून खालच्या खुणा घरात सगळ्यांना माहीत असू द्या. यातली एकही दिसली तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीने निघायचं.

शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची होणे, किंवा तिच्यातून लाल रक्त जाणे. लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होते, पण ती डांबरासारखी चिकटत नाही. शंका असेल तर दाखवाच.

उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं दिसणे.

काल खाल्लेलं आज उलटून पडणे, पोट फुगून टणक होणे, वारा न सरणे.

पोटात अचानक न सोसणारी कळ येणे.

थंडी वाजून ताप, डोळे पुन्हा पिवळे, लघवी गडद. पित्ताच्या नळीत स्टेंट घातलेला असेल तर तो तुंबून आत जंतू वाढलेले असू शकतात. केमो चालू असेल तर नुसता तापही घाईचाच समजा.

दिवसभरात पाणी पोटात न टिकणे, लघवी अगदी कमी होणे, उभं राहताच घेरी येणे.

जाताना वही, शेकाचं कार्ड आणि सगळ्या गोळ्या सोबत घ्या. रात्रीच्या डॉक्टरांना ‘स्वादुपिंडावर शेक घेतले आहेत’ हे पहिलं वाक्य सांगा. त्यावरून ते कुठे बघायचं ते ठरवतात.

पैशाचं आणि माणसाचं

आपल्याला एक सोय आहे. सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथली वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं जवळ आहेत, आणि नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतात. दवाखान्यात गेल्या गेल्या ‘आरोग्यमित्र’ कुठे बसतात ते विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत भाड्याची सवलत आहे, तिचा फॉर्म दवाखान्यातून भरून मिळतो.

घरातल्या सुनांना, लेकींना एक विनंती. तुमच्या सासूला, आईला ‘काही होतंय का?’ असं विचारू नका. ती नाहीच म्हणेल. ‘आज किती वेळा गेल्या?’ असं सरळ विचारा. रात्री अंगणातल्या संडासापर्यंत जाववत नसेल तर खोलीत भांडं ठेवा. शेकाला निघताना पिशवीत जुन्या सुती कापडाच्या घड्या आणि एक लुगडं जास्तीचं असू द्या. ते पिशवीत आहे एवढं कळलं तरी बाईचा जीव निम्मा शांत होतो, आणि ती पाणी प्यायला लागते.

काकूंनी अठ्ठावीसही शेक पूर्ण केले. पाठीचं दुखणं पुष्कळ कमी झालं, रात्री झोप लागू लागली. हा आजार कठीण आहे, खोटं सांगून उपयोग नाही. पुढे वर्षभराने काकू गेल्या. पण त्या वर्षात त्यांनी नातीला पाटीवर अ-आ-ई गिरवताना बघून स्वतःही चार अक्षरं गिरवली, संक्रांतीचं वाण दिलं, आणि आमच्या गटाच्या बैठकीला येऊन भिंतीला टेकून बसल्या. जेवणाच्या आधी भरल्या ताटाची पिशवी उघडून कॅप्सूल काढायच्या आणि आम्हाला दाखवून म्हणायच्या, ‘पाह्यलं का, पहिल्या घासाले.’

तुमच्या घरात, शेजारात कुणाचे शेक चालू असतील तर आज संध्याकाळी त्यांच्याकडे जा. टरबूज नेऊ नका. वही न्या.